मनवाच्या वाटचं विष

मी माझ्या मुलीच्या वाटचं विष प्यायले आहे. गोड होतं.

सगळा दोष त्या कोरियन मालिकेचा. आमची मनवा बारावीला, म्हणून घरातला टीव्ही बंद. मग मी आपली स्वयंपाकघरात मोबाइलवर हिंदीत डब केलेली ती मालिका बघायचे (आवाज बारीक, भाजी करपलेली). एक श्रीमंत शाळा आणि पहिल्या नंबरासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेली पोरं. पहिल्याच भागात दुसऱ्या नंबरवाली मुलगी पहिलीला हसत हसत ज्यूस देते आणि ती धाडकन जिन्यावरून खाली! माझ्या हातातलं लाटणं पडलं. पुढे मात्र मालिका अशी रेंगाळली की विचारू नका. पोरं खिडकीबाहेर बघायची, मग सर बघायचे, मग नुसती खिडकी! मालिका मिळमिळीत होत गेली, पण माझा धसका वाढतच गेला. कारण अंबरनाथच्या आमच्या क्लासमध्ये मनवा पहिली होती. आणि दुसरी होती तिची मैत्रीण सिमरन, उल्हासनगरची. फरक एका मार्काचा!

एका रविवारी दुपारी सिमरन आमच्याकडे अभ्यासाला आली. हसत हसत. हातात बाटली!

"आंटी, मम्मीने थादल पाठवलीय. आमची सिंधी थंडाई. स्पेशली मनवासाठी!"

"स्पेशली? आणि तू?"

"मला नको, आंटी. मी घरी पिऊन आले."

मालिकेतली ती कारटीही अगदी हेच म्हणाली होती!

मनवानं बाटलीचं झाकण उघडलं. ओतून टाकावी, तर सिमरन समोर. ओरडावं, तर पुरावा नाही. शेवटी मी बाटली हिसकावली, देवाचं नाव घेतलं आणि घटाघटा सगळी संपवली.

"आई!" मनवा किंचाळली. "मला एक घोट तरी ठेवायचास!"

पाच मिनिटांत माझे डोळे जड झाले. मी कशीबशी आतल्या खोलीत जाऊन ह्यांना हलवलं.

"अहो, उठा! मी विष प्यायले!"

"कशातून?"

"थादलमधून!"

"उरलीय का थोडी?" (हे माझ्या नवऱ्याचे माझ्या मरणसमयीचे उद्गार!)

पण मी भिंत धरून खाली बसले, तसे हे खरंच घाबरले. बनियनवरच रिक्षा आणायला धावले. रिक्षात मी मनवाचा हात घट्ट धरून तिला फ्रीजमधलं वाटण कधी वापरायचं ते सांगत होते. सिमरन समोर ड्रायव्हरच्या बाजूला बसून हमसून हमसून रडत होती.

"यात होतं तरी काय?" डॉक्टरांनी दरडावून विचारलं.

"बदाम, खसखस, मगजबी, मिरी," सिमरन हुंदके देत म्हणाली. "चार ग्लास होती, डॉक्टर. आंटी एकट्याच प्यायल्या!"

डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघितला. "घाबरून वाढलाय. आणि एवढी खसखस पोटात गेल्यावर झोप येणारच." तरीही त्यांनी सलाइन लावलं (आमच्या डॉक्टरांना त्याशिवाय चैन पडत नाही).

मग मी सगळ्यांसमोर मालिकेचं सांगून टाकलं. मनवानं कपाळावर हात मारला. "आई, त्या ज्यूसमध्ये काहीच नव्हतं! ती मुलगी डाएटवर होती, चक्कर येऊन पडली. शेवटच्या भागात कळतं."

"म्हणजे एवढे भाग नुसती खिडकी बघायला?"

तेवढ्यात सिमरनची मम्मी धापा टाकत आली. तिनं आधी पोरीला चाचपून पाहिलं, मग माझा हात हातात घेतला.

"भाभी, सॉरी हां. मैं भी वही सिरियल देखती हूँ. म्हणून मीच सिमरनला सांगून पाठवलं होतं, उधर कुछ खाना-पीना मत!"

मी ताडकन उठून बसले. माझ्या हातच्या पोह्यांवर संशय? माझ्यावर? तेही असल्या भिकार मालिकेपायी?

ती बाहेर गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, "काय बाई एकेक संशयी माणसं असतात!"

हे नुसते सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिले.