म्हातारी किती लांब गेली

नवी मुंबईतल्या वाऱ्याने कुठून कुठे वाहायचं हे ठरवण्याचा अधिकार कुणा एका माणसाला द्यायचा झाला, तर तो आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना द्यावा लागेल. आणि नाही दिला, तर त्या तो न विचारता घेतील. नेरुळच्या या शाळेत मी मराठी शिकवते आणि त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून आहे, त्यामुळे हे काही मी ऐकीव सांगत नाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. इतिहासाच्या सरांना त्या ‘अहो इतिहास’ म्हणतात, मुख्याध्यापिकांना ‘ऑफिस’, आणि मला ‘ए मराठी’. झाडांची नावं मात्र तोंडपाठ. त्यांच्याकडे पेन मागितलं तर पर्समधून शेवग्याच्या पंखवाल्या बिया निघतात. एकदा सिग्नल सुटला तरी त्यांनी आमची रिक्षा पुढे जाऊ दिली नाही, कारण दुभाजकावर रुईचं बोंड फुटलेलं त्यांना दिसलं होतं. मागून हॉर्नचा गदारोळ उठला तेव्हा खाली उतरून त्यांनी सगळ्या गाड्यांना शांतपणे सांगितलं, “जरा दम धरा, बी गोळा करतेय.”

उन्हाळा तोंडावर आला की सातवीत त्यांचा वारा सुरू होतो. पुस्तकात तो धडा जेमतेम पानभर, पण मॅडम तो आठवडाभर पुरवतात. बाकं भिंतीला लावलेली, घरून आणलेला टेबलफॅन, जमिनीवर खडूच्या रेघा आणि स्टुलावर पदर खोचून उभ्या मॅडम. वरून बी सोडायचं आणि पंख्याच्या वाऱ्याने कोणतं किती लांब जातं ते मोजायचं. चिंचोका धप्पकन पायाशी पडतो आणि मुलं त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या देतात. शेवग्याचं बी गिरक्या घेत थोडं पुढे जातं. रुईची म्हातारी, म्हणजे ते पांढऱ्या केसांचं बी, मात्र कुणालाच दाद देत नाही. मॅडमची अट एकच, खिडक्या गच्च बंद! खाडीवरचा वारा आत शिरला तर मापं चुकतात. “प्रयोगात वारा एकच पाहिजे,” त्या बजावतात, “त्याचे नातेवाईक बाहेर थांबू देत.” पुढच्या तासाला ती मुलं माझ्याकडे येतात तेव्हा घामाने निथळत असतात आणि केसांत, भुवयांवर कापूस घेऊन अख्खी सातवी एकदम म्हातारी झालेली असते.

यंदा मात्र त्या बंद खिडक्यांनीच आम्हाला घाम फोडला. जवळच्या सारसोळे गावातली एक मुलगी आहे, तिला लहानपणी दम्याचा त्रास होता. ऐन प्रयोगात ती एकाएकी खोकायला लागली. डोळे लालबुंद, श्वास लागलेला. मॅडमनी धडाधड खिडक्या उघडल्या, तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं. ती सावरली आणि शाळा सुटल्यावर घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. घरी फोन लावला तर कुणी उचलेना. मधल्या सुट्टीत मॅडमनी डबासुद्धा उघडला नाही. “ए मराठी,” त्या माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, “खिडक्या मी बंद करायला लावल्या होत्या. पोरीला काही झालं असेल ना, तर मी पुन्हा खडू हातात धरणार नाही.” शाळा सुटताच आम्ही रिक्षाने सारसोळ्याला निघालो. वाटेत फुटलेल्या बोंडांचं सावरीचं झाड लागलं, तरी त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

घराच्या दारात मांडव होता आणि माणसांची गर्दी. मॅडम मांडवाबाहेरच थांबल्या. तेवढ्यात कानठळ्या बसवणारं गाणं सुरू झालं. मुलीच्या आत्याची हळद होती! त्या दणदणाटात फोन कुणाला ऐकू येणार? मुलीची आजी पुढे आली. “कोन गो? शालेच्या मॅडम काय? या, बसा. पोरीला काय व्हयाचा हाय? ती बगा, सकालपासून नाचते.” तोंडभर हळद माखलेली ती कार्टी धावत आली. “मॅडम, तुमी?”

“काल काय झालं होतं गं तुला?”

तिने मान खाली घातली. “मॅडम, मी म्हातारी नाकात धरलेली. पंख्याऐवजी शिंकेनं किती लांब जाते ते बगायचं होतं. पन शिंक यायच्या आदीच ती आत गेली.”

आता पोरीच्या पाठीत धपाटा बसणार, असं मला वाटलं. मॅडम मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. तिचे दोन्ही पिवळे हात आपल्या हातांत घेऊन त्यांनी विचारलं, “मग? परत करून बघितलंस?”

“हो! घरी येऊन केलं.”

“किती लांब गेली?”

“न्हानीपासून पार दारापरयंत!”

“शाबास,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना हुंदकाच फुटला.

आम्हाला जेवल्याशिवाय कुणी सोडलं नाही. परत येताना मॅडमच्या दोन्ही गालांवर हळद होती. रिक्षात त्यांनी माझा हात धरला, पूर्वी कधीच धरला नव्हता. “बरी आहे गं पोर,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा, “बरी आहे.” मी हो म्हटलं. माझ्याही मनावरचं ओझं उतरलं होतं. मे महिन्यात त्या निवृत्त होणार, मग शेजारच्या वर्गातली शांतता मला कशी सोसणार, हे त्यांना सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या इतक्या सुखाने डोळे मिटून बसल्या होत्या, की मी फक्त रिक्षावाल्याला जरा हळू चालवायला सांगितलं.