माठाला कान

"दादा, तुन्ही मशीन बंद कर. माले आयकू दे." असं म्हणून शेजारची म्हातारी गुडघ्यांवर बसायची आणि माठाला कान लावायची. माठात मोहाची वाळलेली फुलं भिजत घातलेली असत. फुलं आंबू लागली की आत बुडबुड सुरू होते. तिच्या लेखी माठ बोलू लागतो. त्याचं बोलणं थांबेपर्यंत भट्टी पेटवायची नाही, हा तिचा कायदा.

मी मूळचा रनाळ्याचा, शिंपी. पोटापाण्यासाठी नवापूरकडच्या या डोंगरगावात आलो आणि तिच्या अंगणाला लागून दुकान थाटलं. घरात ती कोकणा आदिवासींची कोकणी बोले, माझ्याशी मोडकीतोडकी अहिराणी. लग्नसराईत माझ्याकडे कपड्यांचा ढीग पडलेला असे आणि नेमका तेव्हाच तिचा माठ बोलत असे. मी चिडायचो, पण मशीन थांबवायचो. तुम्हीही थांबवलं असतंत.

गावात लग्न कुणाचंही असो, दारू तिच्याच हातची. विकायची मात्र नाही. कुणी मोटारसायकलवरून रिकामी बाटली घेऊन आला, की "लगीनमा ये" म्हणायची आणि कामाला लागायची. माठाजवळ भांडायलाही बंदी. एकदा मुलगा आणि सून तिथंच जुंपले, तर तिने दोघांना नदीवर जाऊन भांडायला सांगितलं. तिथे पोहोचेपर्यंत भांडण कशावरून होतं हेच ते विसरले म्हणे.

तिचा नवरा दिवसभर खाटेवर. बायकोचं नाव त्याने जन्मात घेतलं नव्हतं. नुसता खाकरायचा, आणि पाणी हवंय की विडी, ते तिला कळायचं.

लग्नात पहिला द्रोण माणसांचा नसे. पळसाच्या पानातून ती थेंब थेंब जमिनीवर सोडायची आणि त्या घरातल्या गेलेल्यांना एकेका नावाने बोलवायची. एकदा एक नाव आठवेना. वाजंत्री थांबली, वऱ्हाड ताटकळलं, माझाही घसा कोरडा पडला. राहू दे, असं कुणीतरी म्हणालं. तिने ऐकलं नाही. नाव राहिलं तर तो बिचारा तहानलेला राहील, म्हणाली. आठवलं तेव्हाच द्रोण पुढे सरकले.

छपराला फुलांची एक टोपली कायम टांगलेली. "हाई मन्ही नातना लगीननं शे." दरवर्षी तीत नवी फुलं भरायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. नातीचं लग्न आपल्या माठावर व्हावं, एवढीच तिची इच्छा होती. लग्न ठरलं, आणि थंडीत म्हातारी गेली.

उन्हाळ्यात नातीनेच टोपली उतरवून माठ घातला. ती कान लावून बसली की मी मशीन थांबवायचो. कुणी सांगत नव्हतं. त्या शांततेत म्हातारीची फार आठवण यायची, काम सुचायचं नाही.

लग्नात नातीने द्रोण धरला. आजीने पाठ करून घेतलेली नावं तिने न चुकता घेतली. आता शेवटचं, आजीचंच, राहिलं होतं. तिथे ती अडली. ओठ हलत होते, शब्द फुटेना. वाजंत्री थांबलेली.

म्हातारा खाटेवरून उठला. नातीच्या हाताखाली हात धरून त्याने द्रोण कलता केला. आधी सवयीने खाकरला. मग त्याने तिचं नाव घेतलं.