आधी वाचून दाखवा

कांताबाई घरी आलेलं पार्सल कधी एकट्या उघडत नसत. उंबऱ्यातूनच मला हाक येई, "मॅडम, या, पंचनामा करायचाय!" मग त्यांच्या हातात कात्री, माझ्या हातात मोबाईल, शूटिंग सुरू. आत चपला असोत की कुकरची शिट्टी, वार आणि वेळ मोठ्याने सांगितल्याशिवाय चिकटपट्टी कापली जात नसे.

त्या मूळच्या कंधारच्या. नांदेडच्या कोर्टात शिपाई होत्या. निवृत्तीनंतर लातुरात आमच्या शेजारी राहायला आल्या. इंग्रजी येत नसे. मोबाईलवर काही आलं की फोन माझ्यापुढे धरत, "आधी वाचून दाखवा. मंग दाबते."

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. मला कंटाळा येई. "अहो, सगळे नुसतं 'मान्य' दाबतात."

"न वाचता अंगठा देनारे लई पाह्यलेत मी कोर्टात," त्या म्हणत.

मुलांनो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या आजोबांचा जुना फोटो रंगीत करायला मी एक फुकटचं ॲप घेतलं आणि न वाचता 'मान्य' दाबलं. त्यासरशी माझे सगळे फोटो आणि सगळे नंबर त्या ॲपवाल्यांकडे गेले. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: पैसे पाठवा, नाहीतर नातीचे फोटो घाणेरडे करून ओळखीच्या सगळ्यांना पाठवू. खाली, सई, तुझा शाळेच्या गणवेशातला फोटो होता. सगळं पुसून टाकावं म्हणून बोट पुढे केलं, तेवढ्यात वाटी परत द्यायला आलेल्या कांताबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि फोन हिसकावला.

"पुसू नका! पुरावा पुसून कोन भांडतं का? आन् पैसा बी देऊ नका. एकदा दिला की रोज मागंल."

त्यांनी आपल्या फोनवर प्रत्येक मेसेजचा फोटो काढला आणि मला रिक्षात घालून सायबर पोलिसांकडे नेलं. वाटेत म्हणाल्या, "पोराला फोन लावा."

"कोणत्या तोंडाने सांगू?"

"खरं सांगा. त्या धमकीवाल्यानं सांगायच्या आधी आपन सांगायचं. मंग त्याच्यापाशी काय ऱ्हातं?"

तुमच्या बाबाला सांगितलं, मग फोनमधल्या नंबरांच्या यादीतल्या एकेकाला. कित्येक महिने फोन वाजला की छातीत धस्स होई. ते फोटो कुणाला आले नाहीत. पण ते कुठे आहेत, हे मला आजही माहीत नाही.

गेल्या वर्षी कांताबाई हृदयाच्या ऑपरेशनमध्येच गेल्या. त्या सकाळी दवाखान्यातल्या मुलीने संमतीसाठी टॅब पुढे केला होता. "आजी, इथं बोट लावा."

"आधी वाचून दाखवा."

"आजी, सगळेच नुसतं बोट लावतात."

कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टॅब घेतला आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागले. जिवाला धोका असल्याची ओळ आली आणि मी थांबले.

"थांबू नका मॅडम. तीच तर ऐकायची हाय."

मी वाचलं. पुढच्या ओळी फार हळू वाचल्या. वाचून संपलं की त्या बोट टेकवणार, हे मला ठाऊक होतं.