कात्रीकाकांचा आडोसा

गावाबाहेरच्या पाणथळ उद्यानात मी तिकिटं फाडते. रोज येणारे लोक मला फारसे आवडत नाहीत. त्यांना वाटतं, तळं त्यांच्या तीर्थरूपांचंच आहे. कात्रीकाका तसे नव्हते. फाटक उघडायच्या आधीच येऊन गुपचूप उभे राहायचे. इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून बसवलेले केस आणि वरच्या खिशात फडक्यात गुंडाळलेली कात्री. जन्मभर लोकांचे केस कापले. दुकान गेलं तरी कात्री काही सुटली नाही.

बायको वारली होती. मुलगी लांब, रविवारी फोन करायची. जेवलात का विचारायची, हे हो म्हणायचे, की बोलणं संपलं. दुकानातली खुर्ची कोणी घेईना म्हणून घरी आणून ठेवलेली. आरसा मात्र विकला गेला, त्यामुळे संध्याकाळी खुर्चीत बसून ते भिंतीकडे बघतात, असं त्यांनीच मला हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते इथे आले. सुरुवातीला त्यांना सगळीच बदकं दिसायची. मी कटकट करत एकेक दाखवलं. पंख पसरून बसलेला पाणकावळा बघून म्हणाले, गिऱ्हाईक चादर झटकायची वाट बघतंय. पाणकणसाचा तपकिरी दांडा चाचपून म्हणाले, दाढीच्या ब्रशापेक्षा मऊ आहे. मग एक दिवस पक्षी बघायच्या लाकडी खोपटीसमोरच्या पाणकणसात त्यांना पाणकोंबडी सापडली, अंड्यांवर बसलेली. तेव्हापासून बाकीचं तळं त्यांच्या लेखी आटलंच.

खोपटीत बसून ते तिच्याशी बोलायचे. दूध उतू गेलं, गुडघा दुखतोय, मुलगी काय म्हणाली. अंडी उबवणारी बाई उठून जाणार कुठे? सगळं ऐकून घ्यायची. एकदा बाहेरून मी ते ऐकलं आणि त्यांची टिंगल करणार होते. पण घरी गेल्यावर मी तरी कोणाशी बोलते? मी मुकाट्याने परत आले.

पुढे पाणकणीस वाढलं, पानं घरट्यावर झुकली आणि पाणकोंबडी नीट दिसेना. एका सकाळी काका मोठ्या खुशीत मला बोलवायला आले. आदल्या संध्याकाळी ती चरायला गेलेली बघून ते चिखलात उतरले होते, म्हणे. गंमत दाखवतो म्हणाले.

जाऊन बघते तर पाणकणसात चौकोनी खिडकी. कडा इतक्या साफ, की कोणी पानांत कंगवा धरून कापलं असावं. घरट्यात फुटकी कवचं होती. कावळा कठड्यावर चोच पुसत होता. पाणकोंबडीचा पत्ता नव्हता.

माझं डोकं फिरलं. "काका, कोणी सांगितला होता हा नसता उद्योग? ती पानं म्हणजे तिचा आडोसा होता."

त्यांनी वाकून घरट्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तिच्या डोळ्यांवर येतायत."

 ते पुढे बोलले.

"घरी हिचेही केस असेच कापले होते मी, आजारपणात. राहू द्या म्हणत होती. तेवढाच आडोसा आहे म्हणाली. मी म्हटलं, चेहरा मोकळा दिसेल. कापून झाल्यावर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं, ते शेवटपर्यंत."

त्यानंतर बरेच दिवस ते आले नाहीत. कधी नव्हे ती मी फाटकाकडे डोळे लावून बसले आणि त्याबद्दल स्वतःवरच चिडले. मग एक दिवस आले, केस वाढलेले, वरचा खिसा रिकामा. खोपटीत जाऊन बसले. रोज जाताना एवढंच विचारायचे, भरतंय ना? मी म्हणायचे, भरतंय. पाणकणीस झपाट्याने वाढतं. बघता बघता खिडकी बुजली आणि खोपटीतून नुसती हिरवी पानं दिसू लागली.

परवा मी त्यांना चहा द्यायला गेले, तर पानांआडून पाणकोंबडीचा आवाज आला. तीच की दुसरी, कोण जाणे. मला राहवेना.

"काका, आली वाटतं. जरा पानं बाजूला करून बघा ना."

"नको," ते म्हणाले. "असू दे तिला."

दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. चहा तसाच कठड्यावर निवत राहिला. मी वळले, तेव्हा ते पानांना हळू आवाजात सांगत होते, की या रविवारी फोन आला नाही.