किसनरावांनी सोडलं

रिपोर्टवर मी ‘हैजा’ लिहून ठेवलं होतं. निजामी अमलात पटकीला कागदोपत्री हाच शब्द. डॉक्टरसाहेबांची सही तेवढी बाकी होती. ती झाली की नांदूरघाटची वेस बंद, आणि चार दिवसांवर आलेलं किसनरावांच्या पोरीचं लग्नही बंद.

किसनराव पहाटेपासून वीसदा परसाकडं गेलते. पोटात कळा, अंगावर काटा. गाडीत घालून डिस्पेन्सरीत आणलं. मी त्यांच्या बायकोला विचारलं, “काय खाल्लं होतं?”

“खात्यात कुठं? परवाच सोडलं की, देवाम्होरं.”

मी लिहिलं : दोन दिवस उपाशी.

घर माझं कोकणात, इकडच्या बोलण्याच्या रीती मला नव्या. शाळा चौथीतच सुटलेली. मला कंपाउंडर केलं ते साहेबांनी. त्यांच्यासमोर चुकायची धास्ती वाटे, म्हणून कागद आधीच तयार ठेवायचो.

साहेब आले. किसनराव जांभई देत उपरण्यानं नाक पुसत होते.

“क्या लिखे मियाँ? हैजे में बदन सूख जाता. इनकी तो नाक बह रही!” मग ते वाकले. “पाटील, अफीम कब छोडे?”

किसनरावांनी मान खाली घातली. व्याह्यानं अट घातली होती, अफूबाज सासरा नको.

“म्या सांगितलंतं की यांना, सोडलं म्हणून,” बायको माझ्यावर उसळली. “मालकाच्या अफूचं नाव बाईमाणसानं घ्यावं व्हय?”

आतडं आवळत-सैलावत अन्न पुढं ढकलतं. अफू ही ढकल मंदावते. माल आत रेंगाळतो, आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं, जुलाब थांबतात. म्हणून जुलाबावर आम्ही अफूचं टिंक्चर देतो, थेंब मोजून. जास्त झालं तर श्वासही मंदावतो. किसनराव वीस वर्षं रोज गोळी घेत. अफूच्या या लगामाविरुद्ध जोर लावायची आतड्याला सवय झालेली. लगाम एकदम सुटला, जोर तसाच राहिला.

साहेबांनी टिंक्चरचे थोडे थेंब पाण्यातून दिले. दुपारपर्यंत फेऱ्या थांबल्या.

“पन देवाची शपथ मोडली की साहेब!” किसनराव म्हणाले.

“टूटी नै. रोज एक बूंद कम. देव को जल्दी नै.”

रिपोर्ट त्यांनी फाडला. चौथ्या दिवशी किसनराव मांडवात बसले होते.

तेव्हापासून कुणी ‘सोडलं’ म्हटलं की मी आधी विचारतो, काय सोडलं? बहुतेक जण अन्न म्हणतात. एखादा खाली बघतो.