गोळीची चिंधी
इंदूरच्या वसतिगृहात खालच्या खोलीत कुणीतरी मेण वितळवत होते, आणि त्या वासाने मला धारचा एक दसरा आठवला. वडील संस्थानच्या शिकारखान्यात होते. दसऱ्याला मैदानात टांगलेले मडके फोडायचा मान त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा असे. पण आदल्या वर्षी, गोळी नळीत सहज सरकावी म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेल्या चिंधीतले तेल दारूत उतरले आणि बार उडालाच नाही. पुन्हा तसे झाले तर मान दुसऱ्याकडे जाणार होता. पूजेतल्या बंदुकीला आमच्याकडे चरबी लावत नसत, म्हणून वडील सकाळी मेण-तेलात चिंध्या बुडवत बसले होते. शेजारी देवाच्या फुलवाती भिजवणारी आई म्हणाली, "अहो, इतकं तेल? निथळती वात कधी नीट पेटते का? द्या इकडे." तिने मेण वाढवले, आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कापल्या आणि बोटाला ओल लागेल पण थेंब सुटणार नाही, इतपतच त्या माखल्या. मैदानात वडिलांचा एक सोबती हसला, "क्यों भिया, इस साल बी फुस्स?" वडिलांनी आईची चिंधी गोळीभोवती गुंडाळली. ठासायच्या गजाने गोळी सरळ आत गेली, बार झाला आणि मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. तोच सोबती धावत आला, "भिया, चिंधी किसने बनाई?" चारचौघांत कधी आईचा विषयही न काढणारे वडील सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हमारी घरवाली ने!" इथे कॉलेजात कुणी घरची चौकशी केली की मी अजून जरा अडखळतो, पण वडिलांचे काम सांगून झाले की आईचेही सांगतो.