फोन ठेवतो, ऐकतो

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये माणसाला आधी नाव विचारत नाहीत. फुटबॉलची टीम कुठली, अलाबामा की ऑबर्न, ते विचारतात. उत्तर चुकलं तर तोंडं फुटतात. वर्नेल टिडमोरने ती फुटताना बावीस वर्षं ऐकली.

रेडिओ स्टेशन सुरू झालं ते टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत. सकाळी प्रवचनं, दुपारी फुटबॉल. मग कुणीतरी मालकाला पटवलं, की लोकांना फोनवर भांडू द्या. प्रवचनं गेली ती गेलीच, आणि माईकवर बक हॅगुड आला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, म्हणून तर सगळं शहर त्याच्यावर फिदा. काचेच्या अलीकडे बसून वर्नेल फोन घ्यायची. तिच्यापुढे एक लाल बटण होतं. बोललेलं सगळं सात सेकंद उशिरा बाहेर जाई. बटण दाबलं की ते सात सेकंद पुसले जात. हे लोकांच्या शिव्यांसाठी, बकसाठी नाही, असं मालकाने बजावलं होतं. बकला कापलं तर नोकरी गेली.

एकदा बकने एन्सली भागातून फोन करणाऱ्या एकाला डिवचलं, "ऑबर्नवाला दिसला की ठोक ना! फोन कसले करतोस?" वर्नेल खळखळून हसली होती. त्याच संध्याकाळी त्या माणसाने पेट्रोल पंपावर ऑबर्नची टोपी घातलेल्या एकाला चाक खोलायच्या पान्याने बडवलं. तो ड्यूई होता, वर्नेलचा धाकटा भाऊ. डावा डोळा गेला, जबडा तारांनी बांधावा लागला. ड्यूईने कुणावर खापर फोडलं नाही. वर्नेलला मात्र आपल्या हसण्याची किळस आली, ती कायमची.

मग तो सोमवार. शनिवारी ऑबर्नने अलाबामाला हरवलं होतं. दुपारी दोनला पिनसनच्या लॉयसचा फोन आला. लॉयस वर्षानुवर्षं फोन करायचा, कायम बोंबलत. आज त्याचा आवाज खाली होता. वर्नेल त्याला थांबवणार होती, पण बकने लाईन ओढून घेतली.

"बक, मेहुणा तीन दिवस माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून ऑबर्नची ती 'वॉर ईगल' आरोळी ठोकतोय," लॉयस म्हणाला. "हरणाची बंदूक माझ्या मांडीवर आहे. भरलेली. तूच सांग, काय करू? मी फोन ठेवतो, ऐकतो."

आणि त्याने खरंच ठेवला. इथे सगळेच तसं म्हणतात, फोन ठेवतात आणि उत्तर रेडिओवर ऐकतात. फोन करणाऱ्याचा नंबर दिसायची सोय तेव्हा नव्हती. पिनसनमध्ये लॉयस किती!

बक खिदळला. "तू? तू तुझ्या टीमसारखाच रे, ऐन वेळी शेपूट घालणारा! असेल हिंमत तर ओढ घोडा!"

वर्नेलने बटण दाबलं. बकचं बोलणं पुसलं गेलं, पण त्याबरोबर तो सात सेकंदांचा उशीरही गेला. आता तोंडातून निघालेला शब्द थेट लॉयसच्या खोलीत पडणार होता, आणि बक संतापाने लाल झाला होता.

"कोण कापतंय मला? लॉयस, ऐक, ओढ तो घो—"

तिने बकचा आवाज बंद केला आणि आपला माईक उघडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"लॉयस, मी वर्नेल, तुझा फोन घेते ती. त्याचं ऐकू नकोस रे बाबा. माझ्या भावाचा डोळा याच बडबडीने गेला. मी तेव्हा हसले होते. लॉयस, बंदूक खाली ठेव..."

ती बोलत राहिली. समोर बक काचेवर मुठी आपटत होता, त्याच्या थुंकीने काच बरबटली होती. चार मिनिटांनी फोन वाजला.

"मिस वर्नेल? मी लॉयसचा मेहुणा." तो धापा टाकत होता. "गोळी झाडली त्याने."

वर्नेलने विचारलं, "कुणावर?"

"रेडिओवर. बकचा आवाज आला तशी उठला, बंदूक माझ्या छातीला लावली. मग तुमचा आवाज आला. डोळ्याचं काहीतरी म्हणालात, आणि त्याने वळून रेडिओच फोडला. आता जमिनीवर बसून रडतोय. बंदूक मी घेतलीय. तो विचारतोय, पुढे काय म्हणत होतात तुम्ही?"

वर्नेलने बककडे पाठ फिरवली.

"रिसीव्हर त्याच्या कानाला लाव," ती म्हणाली. "आणि सांग त्याला, या वेळी फोन ठेवू नकोस म्हणावं."